अठ्ठावीस मिलिमीटर

शारजाच्या बाहेर एका लहान फुटबॉल क्लबचं मैदान विभावरी सबनीस सांभाळायची. वय सत्तेचाळीस, शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठातलं. नवरा सुरेश जवळच्याच हमरिया फ्री झोन या उद्योग वसाहतीत नोकरीला, मुलगी दिया बारावीत. स्टेडियममधलं गवत म्हणजे हरळीचीच सुधारलेली जात. "आमचा जन्म हरळी उपटण्यात गेला, आणि तू ती वाळवंटात जगवतेस," असं तिचे वडील फोनवर म्हणायचे.

त्या वर्षी क्लब वरच्या व्यावसायिक लीगमध्ये चढला. ऑगस्टमध्ये युरोपातून नवा कोच आला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने सांगितलं, गवत वीस मिलिमीटरवर आणा, बॉल पळायला हवा.

"ऑक्टोबरपर्यंत अठ्ठावीसच्या खाली नाही," विभावरी म्हणाली. "या दमट उकाड्यात मुळं तग धरणार नाहीत."

"मैदान माझ्या टीमसाठी आहे."

"मला ते मे महिन्यापर्यंत टिकवायचंय."

घरच्या मैदानावरच्या पहिल्या दोन्ही मॅच क्लब हरला. कोचने पत्रकारांना सांगितलं, मैदान संथ आहे. दियाने तो व्हिडिओ आईसमोर धरला. "मॉम, ही इज ब्लेमिंग यू."

"करू दे," पोळी उलटत विभावरी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सुट्टीनंतर ती कामावर आली, तर गवत पार खरवडलेलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी कोचने बाहेरची माणसं आणून कापून घेतलं होतं. मशीन चालवणारा खैरुद्दीन खाली मान घालून उभा होता. "मैंने चाबी नहीं दी, मॅडमजी. वो अपनी मशीन लाए थे."

दहा दिवसांत मैदानभर पिवळे डाग पडले. बुरशी लागली होती.

मग क्लबचा ऑपरेशन्स मॅनेजर निनाद एक रिपोर्ट घेऊन आला. तो शारजातच लहानाचा मोठा झालेला, तिला ताई म्हणायचा.

"ताई, मेंटेनन्स कमी पडला म्हणून फंगस आला, एवढंच लिहिलंय. एक सही, खलास. सीझन संपला की तुमच्या काँट्रॅक्टचं रिन्यूअल आहे, विचार करा."

विभावरीने रिपोर्ट वाचला. खाली रिकाम्या जागेत तिने लिहिलं: कोणत्या तारखेला, किती उंचीवर, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणी गवत कापलं. त्याखाली सही केली.

"हे मी वर नेऊ शकत नाही," निनाद म्हणाला.

"मग मी नेते."

ती जिना चढून थेट डायरेक्टरच्या केबिनमध्ये गेली. त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, कोचला पुढच्या मॅच दुसऱ्या मैदानावर हव्या आहेत.

"मॅच इथेच होतील. आता आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबलीय, तीन आठवडे द्या. नाही जमलं तर राजीनामा घ्या. तोवर माझ्या आणि खैरुद्दीनशिवाय गवताला कुणी हात लावायचा नाही."

रोज पहाटे दोघं सरावाच्या मैदानाच्या कडेचे गवताचे पट्टे मातीसकट कापून आणायचे आणि मेलेल्या जागी बसवायचे. विभावरी गुडघ्यांवर बसून सांधे हाताने दाबायची. कोच दोनदा तक्रार करून गेला, की सरावाचं मैदान खराब होतंय. ती पुढचा पट्टा बसवत राहिली. गुडघे इतके सुजले, की सुरेश म्हणाला, "पुरे कर, दुसरी नोकरी मिळेल." ती म्हणाली, "मिळेलच. पण इथून मी खोटं कबूल करून जाणार नाही."

तीन आठवड्यांनी लीगचा तपासनीस आला. टाच रोवत त्याने सगळं मैदान पालथं घातलं आणि मंजुरी दिली. त्यानंतरची घरच्या मैदानावरची मॅच बरोबरीत सुटली.

डिसेंबरात कोच क्लब सोडून गेला. पण टीम काही सावरली नाही, मे महिन्यात क्लब खालच्या लीगमध्ये परत गेला. शेवटच्या मॅचपर्यंत मैदानाकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही.

जूनमध्ये निनाद एका वर्षाचं रिन्यूअल घेऊन आला. विभावरीने सही केली नाही.

"एक ओळ घाल. गवताची उंची मी ठरवणार."

"ताई, काँट्रॅक्टमध्ये असं कुणी लिहीत नाही."

"मग मीही सही करत नाही."

चौथ्या दिवशी नवा कागद आला. त्यात ती ओळ होती.