आईचा पाय आणि ताईला सुचलेलं

आईचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ताईनं डोळे मिटले. तिचं हे डोळे मिटणं मी लहानपणापासून बघतोय. शाळेत असताना उत्तर आठवेना झालं की अशीच बसायची. डोक्यात येणारा प्रत्येक विचार देवच देतो, आपण स्वतःहून काही विचार करत नाही, असं तिचं पक्कं मत. मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून आम्ही यावर भांडलोय. नंतर नंतर तेच मुद्दे, तीच उत्तरं. आता दोघांचेही केस पिकलेत.

"करून टाकूया," डोळे उघडून ती म्हणाली. "तोच सुचवतोय."

मीही तेच म्हणणार होतो. रिपोर्ट वाचलेले, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलेलं. साखरेमुळे जखम भरत नव्हती, काळेपणा वर सरकत होता. पण तिच्या मागोमाग हो म्हणताना उगाच जड गेलं.

आई मात्र नाही म्हणाली. खरं तर ताईला ही श्रद्धा मिळाली ती आईकडूनच.

"मला त्यानं नको असं सुचवलंय," आई म्हणाली. "जायचं तर आख्खी जाईन."

"अगं, असं कसं? तो मला एक आणि तुला एक सांगेल का?"

"ते त्याला विचार. मला काय विचारतेस?"

आई राहते ताईकडे, डोंबिवलीत मानपाड्याला. मी ठाण्याला, घोडबंदर रोडला. ऑफिस सुटलं की मी तिकडे जायचो आणि ट्रॅफिकमध्ये अडकून आईला काय काय सांगायचं ते मनात जुळवायचो. वर कोणी बसलेलं नाही, माणसाचे निर्णय माणसाचेच, असं आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो. आता आईनं तिचा निर्णय घेतला होता, पूर्ण शुद्धीत, आणि मला तो मोडायचा होता. कुठलंही कारण चाललं असतं.

एका संध्याकाळी म्हणालो, "आई, त्या डॉक्टरांनाही त्यानंच पाठवलंय ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "तुझ्याशी कधीपासून बोलायला लागला तो?"

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही. लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "असं नको बोलूस रे. तू असं बोललास की मला भीती वाटते."

"मग माझं न मानणं कोणी सुचवलं?"

"त्यानंच. दुसरं कोण सुचवणार?"

"आणि ते कशाला?"

"तेवढं नाही सांगत तो मला," ती म्हणाली. लिफ्ट येऊन थांबली होती. पूर्वी यावर मी तासभर तरी भांडलो असतो. त्या दिवशी नुसता आत शिरलो आणि बटण दाबलं.

मग एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. आई तयार झाली होती. मी धावत गेलो. आई चहा पीत होती.

"काय सुचलं एकदम?" मी विचारलं.

"सुचलं काही नाही. वास येतो रे. सूनबाई खोलीत येते ना, ती श्वास रोखून येते. कळतं मला." सूनबाई म्हणजे ताईची सून.

ऑपरेशन नीट पार पडलं. ताई म्हणते, देवानं शेवटी आईला सुबुद्धी दिली. आईला विचारावं तर ती टीव्हीचा आवाज वाढवते.

नकली पाय करून घेतला, तो तिनं दोनदा लावून कपाटामागे ठेवून दिला. टोचतो म्हणते. आणि जो पाय नाही, त्याला खाज सुटते. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला सवय असते. पहिल्यांदा झालं तेव्हा ती घाबरून रडली होती. आता कोण जवळ असेल त्याला हाक मारते. पाऊल जिथं असायला हवं होतं, तिथं चादरीवर खाजवलं की तिला बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात ताई बाजारात गेलेली, म्हणून मी बसलो खाजवत.

"जरा खाली," आई म्हणाली. "हां. तिथंच."