वर चढलेली अक्षरं
कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये आकड्याच्या डोक्यावर बारीक आकडा दिसला की अजून तो दिवस आठवतो. नववीत शाळा सुटलेली, गाव लांब, आणि घाटकोपरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझा पहिला दिवस. मालक म्हणाले होते, आज काम बघतो, मग ठेवायचं का ते ठरवू. कॉलेजातल्या एका मुलीचं प्रेझेंटेशन टाइप करताना मी कीबोर्डची तीन बटणं एकत्र दाबून दहाच्या डोक्यावर पाच चढवला, तर पुढची सगळी अक्षरंही बारीक होऊन वरच उमटायला लागली. पुसून पुन्हा टाइप केलं, तरी तेच. "काय गं, जमतंय ना?" काउंटरवरून मालकांनी विचारलं. मी परत सगळं पुसायला घेतलं. शेजारी बसलेल्या त्या मुलीने हळूच तीच बटणं पुन्हा दाबली आणि अक्षरं खाली आली. "जमतंय की, काका," ती म्हणाली, "मीच सारखं बदलायला सांगतेय." तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, मी मात्र अजून त्याच दुकानात आहे.