कृष्णेतलं पिंप आणि वीतभर एरियल

सत्तरच्या दशकात मी सांगलीला एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. वय पंचविशीचं, अक्कल त्याहून कमी. कृष्णेच्या पाण्याचं तापमान काठावर बसून बिनतारी कळावं, असं आमच्या साहेबांच्या मनात आलं. नदीला ताप आला तर आम्ही तिला कोणती गोळी देणार होतो, हे कुणी विचारलं नाही.

पत्र्याच्या बंद पिंपात यंत्र बसवलं. पाणी तापलं की काठावरच्या रेडिओत टिकटिक जलद व्हायची. पिंपावर पुरुषभर उंचीची एरियल. पुस्तकात तेवढीच सांगितली होती. नदीत सोडताच पिंप त्या वजनानं आडवं झालं आणि रेडिओ मुका.

मदतीला वाळव्याकडचा एक हवालदार होता, फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांवर, नोकरी करून आलेला. तो म्हणाला, "आवं सायेब, ही एरियल हाय का गुढी? तार नळीवर गुंडाळा की."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. वीतभर प्लॅस्टिकच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली. कचेरीतल्या टेबलावर ती झकास चालली, नदीत गेल्यावर गप्प. खालचं पाणीसुद्धा एरियलच्या हिशोबात धरावं लागतं, हे कळायला मला तीन दिवस लागले. म्हणजे तार कापून जुळवायची ती पाण्यातच.

मग मी चड्डीवर, छातीभर पाण्यात, हातात पक्कड. मी पिंपाजवळ असलो की टिकटिक खणखणीत, लांब गेलो की बंद.

"तुमीच एरियल झालायसा!" हवालदार काठावरून ओरडला. "तार कापा, लांब व्हा, मग मी सांगतो!"

कापायचं, लांब पोहत जायचं, त्याचं "न्हाई!" ऐकायचं, परत यायचं. दुपारपर्यंत हेच. तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"अभियंता कुठे आहे?"

हवालदारानं कडक सॅल्यूट ठोकला. "त्यो काय, पाण्यात!"

मी नुकताच तार कापून लांब आलो होतो. घाबरून ताठ उभा राहिलो आणि पक्कडीसकट सॅल्यूट केला. त्याच क्षणी रेडिओ टिकटिकू लागला. साहेब कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहिले. माझ्या चड्डीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

यंत्र पुरापर्यंत नीट चाललं. पुरात पिंप काठाला बांधलेला दोर तुटला. टिकटिक बारीक होत गेली, तसे आम्ही दोघं रेडिओवर वाकत गेलो.

"गेलं आपलं पोरगं कर्नाटकात," हवालदार म्हणाला. मी हसलो, पण रेडिओ बंद करायला हात होईना.

अहवालात मी लिहिलं, 'काम समाधानकारक. यंत्र सध्या परराज्यात.' दुसरं वाक्य साहेबांनी खोडलं.