बाहुलीच्या कडेचा उजेड

आमच्या शहाद्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारे ते गृहस्थ, प्रयोगात काय दिसणार हे कोणालाही आधी सांगत नसत. "दखा आनि मंग सांगा," एवढंच म्हणत आणि हात पुसत उभे राहत.

माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूने डोळ्याच्या बाहुलीचा मध्य झाकला होता. त्यांना पत्रं मीच वाचून दाखवी. कळसाडीची आत्या गेल्याचं पत्र आलं, तेव्हा ती ओळ मी गाळली. पत्र त्यांनी उशाखाली ठेवलं.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ एका कार्डाला सुईने भोक पाडून घेऊन आले. वडील हसले, "शिंपी व्हयना का रे तू?" त्यांनी वडिलांना उन्हात बसवलं. डोळ्यातल्या पेशी बाहुलीच्या मध्याकडे तोंड करून असतात. कडेने तिरपा आलेला उजेड त्यांना फिका लागतो, पण लागतो; भोक कडेला सरकवलं की तो मोतीबिंदूला चुकवून आत येतो, असं समजावलं. मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन आत्याचं सांगितलं. म्हणालो, "कार्डाने वाचायला जमत नाही म्हणा."

त्यांनी हात पुसले आणि कार्ड वडिलांना दिलं.

भोक कडेला सरकवत वडिलांनी उशाखालचं पत्र बराच वेळ वाचलं. मग मला नाही, त्यांना विचारलं, "मन्ही बहीण गई, आसं लिखेल शे का? का माले बरोबर दिसत नही?"

"उजेड फिका शे, बापू. तुम्ही बरोबर वाचेल शे."

वडिलांनी कार्ड मांडीवर ठेवून पत्र दोन्ही हातांनी धरलं. तेव्हा त्या गृहस्थांनी कार्ड स्वतः त्यांच्या डोळ्यापाशी धरलं, पत्र पुन्हा वाचून होईपर्यंत.