तीन नंबरची टाकी

आमचे भाऊजी दुकानात शाम्पू घ्यायला गेले, की बाटली उलटी करतात आणि आतला बुडबुडा वर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजतात. ताई तेव्हा साबणांच्या रांगेत जाऊन उभी राहते. हा गृहस्थ कोण, तिला काही कल्पना नाही!

दोष नोकरीचा. समुद्राखालच्या खडकात तेल असतं, पण काही खडक इतके कंजूष, की थेंब सोडत नाहीत. मग बोटीवरून तेलाच्या विहिरीत दाट घोळ प्रचंड दाबाने ढकलून खडकाला भेगा पाडतात. घोळातली वाळू भेगांत अडकते आणि त्या मिटू देत नाही. घोळ कालवायचा समुद्राच्याच पाण्यात. त्याने तासभर वाळू पेलली पाहिजे. आधीच पातळ झाला तर वाळू विहिरीतच बसते आणि चार महिन्यांचं खोदकाम बुजतं. घोळ टिकेल की नाही, हे भाऊजी सांगतात.

त्या दिवशी पाच ठिकाणी भेगा पाडायच्या होत्या. दुपारी चारनंतर समुद्र खवळणार होता. आणि तीन नंबरच्या टाकीच्या पाण्यात कालवलेला घोळ भाऊजींच्या चाचणीच्या बरणीत चाळिसाव्या मिनिटालाच ढेपाळला.

"भाऊ, पंप सुरू करू का?" मोठे साहेब तिसऱ्यांदा डोकावले.

"नको."

"अहो, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे!"

"स्क्रीनला जीभ आहे का?" भाऊजींनी टाकीतल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं. "अळणी! काल वाऱ्यामुळे बोट नदीच्या मुखाशी नेलीत, तिथेच ही भरली ना? त्या पाण्यातले जंतू घोळ खातायत."

"मग आता?"

"ही ओतून द्या. बाकीच्या टाक्यांत तीन ठिकाणांपुरतं पाणी आहे. चांगली तीन निवडा."

"पाच कबूल केलीत मी! ऑफिसला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. नाहीतर चाखून बघा."

साहेबांनी बोट बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि रेडिओ उचलला. "तीनच करतोय."

साडेतीनला शेवटची वाळू खडकात गेली. आठवड्याने तेल वाहू लागल्याचा फोन घरी आला. भाऊजींनी तो ठेवला आणि येरझाऱ्या सुरू केल्या. दोन नंबरच्या टाकीत थोडं पाणी उरलं होतं. चौथं ठिकाण झालं असतं का?

"अहो, वाहतेय ना विहीर? मग बसा की घटकाभर!" ताई म्हणाली.

"बसलोच आहे," भाऊजी म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले.