गादी भरायला टाकलेली

माझ्या जबड्याच्या उजव्या सांध्यातली कूर्चा झिजली, मग हाडही खराब होत गेलं. घास मावेनासा झाला तेव्हा आई मला नागपूरला घेऊन गेली.

डॉक्टरांनी तिला कळेल असं सांगितलं, "दोन हाडांमधली गादी संपली आहे. धातूचा सांधा बसवता येईल. पेशंटच्याच पेशी साच्यावर वाढवून गादी आणि हाड तयार करायचे प्रयोग चालू आहेत. पण ते जनावरांपर्यंतच पोचलेत."

आईने त्यातली गादी तेवढी धरली. आमच्या मारेगावकडे दबलेली गादी कोणी फेकत नाही. उसवून, रुई पिंजून पुन्हा भरतात.

"मंग लोखंड कायले?" बसमध्ये ती म्हणाली. "तुह्याच रुईची भरून देऊन राह्यले नं ते."

"माणसांसाठी नाही अजून, आई."

"होईन नं. थांबू."

शेजारीण विचारायची, "काय वं, आली का गादी?"

"भरायले टाकली हाय. पिंजारी नागपूरचा हाय, टाइम लावते!"

मलाही माझंच हाड हवं होतं. आई भाकर दुधात कुस्करून गाळायची, चमचा कुठून सरकवायचा ते तिला ठाऊक होतं. म्हणून थांबता आलं. तोंड मात्र मिटत चाललं.

या पावसाळ्यात आई गेली. घरात चूल पेटली नव्हती. मावशी तिच्या घरून कडू घास, सुतकातलं पहिलं जेवण, घेऊन आली. मी तो घेतल्याशिवाय कोणी उठेना. मी तोंड उघडू लागले, तर दात विलगले नाहीत.

"दातखिळी बसली वं पोरीले!" मागून कोणी ओरडलं. कोणी तळवे चोळले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. हा सांधा आहे, हे मी दातांच्या फटीतून सांगत होते. ते त्यांना कण्हणं वाटलं. कांद्याने डोळ्यांतून पाणी आलं.

"आलं, आलं रडू," सगळ्यांना बरं वाटलं.

मावशीने बायकांना बाजूला केलं. भात कालवून चमच्याने देऊ लागली. तो हनुवटीवरून पदरावर ओघळला. पुन्हा दिला, पुन्हा ओघळला.

"तुह्या मायले जमत होतं," ती हळूच म्हणाली. "मले नाही जमत, पोरी."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन लावला. धातू बसल्यावर पुढे कधी पेशींचा सांधा आलाच, तर तो बसवता येईल का, विचारलं. शब्द कळेनात, म्हणून दोनदा विचारावं लागलं.

"आज सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही आणखी थांबू नका."

मी धातूच्या सांध्यासाठी तेरवीनंतरची तारीख मागितली.

मावशी दारात उभी होती. "काय म्हणे डॉक्टर?"

"ये म्हणे," मी म्हणाले.