लाल कापडातला नारळ

आमच्या वडूजच्या घराला माडी आहे. तिथून दिवसातून चारदा रिकामे कप खाली येतात आणि त्यांच्यासोबत एक तरी किस्सा. कप मी विसळून पालथे घालते, किस्से मात्र साठत चाललेत. परवा भजनाला त्यातले दोन सांगितले, तर सगळ्या म्हणाल्या, "लिहून ठेवा, नाहीतर विसराल."

माडीवर माझी सून मधुरा आणि तिचे दोन सोबती काम करतात, जतचा सागर आणि सांगलीचा अभय. तिघंही पुण्यातली नोकरी सोडून आलेले. सांगलीच्या एका डॉक्टरांचं स्कॅन सेंटर आहे. त्यांनी यांचं काम पसंत केलं तर माडी नांदती राहणार, नाही तर तिघं परत पुण्याला. मला एवढं कळलं, आणि मी सोळा सोमवार धरले. संकल्पाचा नारळ लाल कापडात बांधून देवघरात ठेवला. काम झालं की फोडायचा, तोवर नाही.

*

"पण तुम्ही करता तरी काय?" मी एकदा मधुराला विचारलं.

"आई, तुम्ही ताटात वड्या पाडता ना? तशा माणसाच्या स्कॅनच्या बारीक बारीक वड्या पाडायच्या. आडव्या, उभ्या आणि खोलवरही. त्या एकेका वडीला व्हॉक्सेल म्हणतात. कुठल्या वडीत हाड, कुठल्या वडीत हवा, हे साठवायचं आणि कुणी विचारलं की पटकन सांगायचं. ते करणारी आमची लायब्ररी. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून घालायची, तयार मसाल्यासारखी."

मला फार आवडलं. शेजारच्या शांताक्कांनी विचारलं, तर मी अभिमानानं सांगितलं, "सून वड्या साठवते. कोट्यवधी."

चौथ्या दिवशी शांताक्का डबा घेऊन दारात. "हळदीकुंकवाला दोन किलो द्या की. नारळाच्या असल्या तर बरं."

*

सोमवारी माझा उपास सूर्य मावळल्यावर सुटतो. अभय जैन, तो सूर्य मावळायच्या आत जेवतो. त्यात उपासाला मी बटाटा खाते आणि अभय बटाट्याला हात लावत नाही. त्यामुळे सोमवारी घरात दोन स्वयंपाक आणि दोन पंगती.

आमचे हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मेसचा हिशेब पक्का ठाऊक. एका सोमवारी ते सागरला म्हणाले, "अभय दिवस असताना जेवतो, काकू दिवे लागल्यावर. तू कुठल्या पंगतीचा?"

"मी दोनीकडंबी हाय की," सागर म्हणाला. "कुणाला एकटं जेवू द्याचं न्हाई."

*

शंकराला लाख तांदळाची लाखोली वाहायची म्हणून मी रोज अखंड तांदूळ मोजून ठेवत होते. एका डब्यात दहा हजार दाणे. डबा भरला की झाकणावर "भरला" अशी चिठ्ठी, मग तो उघडायचा नाही. रिकामा डबा फळीवर ठेवायचाच नाही, उगीच जागा अडते.

अभयनं ते बघितलं आणि मधुराला हाक मारून आणलं. "आपण वर हेच करतोय की गं. रिकाम्या वड्या लिहायच्याच नाहीत, आणि भरलेल्या गठ्ठ्यावर एकच चिठ्ठी."

मला जरा बरंच वाटलं. पण आठ दिवसांनी एक डबा उघडला तर निम्मा! मग आठवलं, शांताक्कांच्या पुतणीच्या लग्नात अक्षता कमी पडल्या, तेव्हा मीच दोन मुठी दिल्या होत्या. चिठ्ठी काढायची राहिली.

सागर कप ठेवायला आला होता, तो तिथंच खाली बसला. "काकू, आमचंबी ह्येच झालंय. भरल्याल्या गठ्ठ्यातनं एक वडी काढली तरी लायब्ररी म्हणती, भरलाय. दोन दिस झालं चूक गावंना."

संध्याकाळपर्यंत चूक निघाली. माडीच्या भिंतीवर आता मधुराच्या अक्षरात कागद आहे : "डब्याला हात लावला की आधी चिठ्ठी काढा."

*

एकदा मी जिन्यातून विचारलं, "सागर, देवघरात तूप आहे का रे?"

"न्हाई, काकू."

बघते तर तुपाचं भांडं काठोकाठ भरलेलं. "तू बघितलंस का?"

"न्हाई."

"अरे, तिथं नाही आणि तिथं बघितलंच नाही, हे एकच झालं का?"

वरून मधुराचा आवाज आला, "आई, हे त्याला रोज सांगते मी. स्कॅनच्या बाहेरचं काही विचारलं, तर त्याची लायब्ररी 'रिकामं' म्हणून मोकळी. 'माहीत नाही' म्हणायला शिकव म्हटलं तर ऐकत नाही."

सागरला हे पटेना. "आवं, आमच्या जतला टँकर आला का इचारलं, की न बघताच न्हाई म्हणत्यात. आन् त्ये खरंच असतंय!"

*

पंधरा सोमवार झाले. डॉक्टरांचा निरोप आला, "जिचं आतलं कुणीच बघितलेलं नाही अशी एक वस्तू आणा. मी स्कॅन काढून देतो. आत काय आहे ते तुमची लायब्ररी सांगू दे."

सागर पहाटेच्या एसटीनं सांगलीला गेला आणि दुपारी परत आला. दिवा लावताना माझं लक्ष देवघराकडं गेलं. लाल कापडाची गाठ माझी नव्हती. ती सागरच्या गावाकडं मेंढराच्या दाव्याला मारतात तसली होती.

"पहाटंचं नारळाचं दुकान उघडलं नव्हतं, काकू," सागर खाली मान घालून म्हणाला. "पर फोडला न्हाई. निस्ता मशीनीत ठिवला."

देवाच्या नारळाच्या वड्या पाडून झाल्या होत्या! मी डोळे मिटून शंकराची क्षमा मागितली आणि वर जाऊन बघितलं. पडद्यावर करवंटी, तिच्या आत खोबऱ्याचं कडं, मधे थोडं पाणी आणि काळी पोकळी. आणि पोकळीत, डोळ्याच्या बाजूला, बोराएवढा एक गोळा.

"ह्यो कचरा हाय," सागर म्हणाला. "रिकाम्या जागंत एवढुसं कुठनं येतंय? असलं दिसलं की पुसायचं, म्हणून धा ओळी लिवल्यात मी."

"चालू करायच्या नाहीत," मधुरा म्हणाली. "माणसाच्या स्कॅनमध्ये एवढासाच गोळा कुणाचा तरी आजार असतो."

रविवारी डॉक्टर म्हसवडला पाहुण्यांकडे निघाले होते, वाटेत आमच्याकडे थांबले. त्यांनी दहा प्रश्न विचारले, लायब्ररीनं दहांची उत्तरं दिली. मग त्यांनी गोळ्यावर बोट ठेवलं. "ही चूक दिसतेय. नारळ फोडून दाखवा."

मी समोर ठेवलेला नारळ पदराखाली घेतला. "अहो डॉक्टर, काम झाल्याशिवाय हा फुटायचा नाही."

"काम म्हणजे कोणतं?"

"तुम्ही हो म्हणणं."

"पण फोडल्याशिवाय मी हो कसं म्हणू?"

आमच्या ह्यांनी मुकाट्यानं दोन्ही बाजूंना चहा दिला. डॉक्टरांनी चहा संपवला आणि मधुराकडं वळले. "तुम्हालाही ही चूकच वाटत होती ना? मग मी यायच्या आधी पुसली का नाही?"

"वाटत होती," मधुरा म्हणाली. "पण माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या गोळ्याकडं पुन्हा एकदा बघितलं. कप खाली ठेवला. "हो," ते म्हणाले. "माझ्याकडून हो. आता फोडा, काकू."

उंबऱ्याबाहेरच्या दगडावर मी नारळ फोडला. मधुरानं पाणी भांड्यात धरलं. एका भकलात, डोळ्याच्या खाली, पांढरंशुभ्र फूल बसलं होतं. बोराएवढं.

मी फुलाला हात जोडले. डॉक्टरांनी पायातले बूट काढले.

सागर पायरीवर लॅपटॉप उघडून बसला होता. मी विचारलं, "आता काय करतोयस रे?"

"त्या धा ओळी, काकू," तो म्हणाला. "त्येवढ्या पुसतोय."